ओंजळभर ज्वारीचं पोर

पिंपळवाडी, ता. घनसावंगी
६ जानेवारी २०२५

बेबी,

कचरूचा राम राम. पत्र बघून तू घाबरशील म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, मग मी ओरडून बोलतो आणि सगळ्या गल्लीला कळतं. ही गोष्ट गल्लीला कळायला नको आहे.

तू तीस-बत्तीस वर्षं अंगणवाडीच्या कामात काढलीस, शेवटी मोठी मॅडम झालीस. हजारो लेकरं बघितलीस. तुझी आई कांताबाई मला लेक म्हणायची, म्हणून तू माझी बहीण, म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या पोराला, सुमितला, किंवा त्याच्या बायकोला पत्र वाचायला देऊ नकोस.

आमच्या कल्याणचं बाळ आता सात महिन्यांचं झालं. तुला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी अठरा दिवसांची होऊन गेली. म्हणून या बाळाकडं मी फार लक्ष ठेवून असतो. वजन बराबर आहे, दूध पितं, ताप नाही, खोकला नाही. डोस सगळे झालेत. बघणारा म्हणतो, किती शहाणं लेकरू, बिलकुल रडत नाही.

हेच मला खुपतं. ते बिलकुलच रडत नाही. हसतही नाही. झोळीत पडून आढ्याकडं बघत राहतं. मी तोंडासमोर गेलो तर माझ्याकडं बघतं आणि मग नजर बाजूला नेतं, जशी मोठी माणसं नको असलेल्या पाहुण्यापासून नेतात. माझी सहा लेकरं या घरात वाढली. मी शेतात असायचो, फार बघितलं नाही, पण एवढं आठवतं की त्या वयाला ती घर डोक्यावर घ्यायची.

माझी भीती अशी आहे की त्याला ऐकू येत नाही. माझा बहिरेपणा त्याच्यात उतरला असेल का? माझे कान चाळिशीनंतर गेले, पण रक्तात असेल तर लहानपणीच दिसत असेल. घरात हे कोणाशी बोललो नाही. कल्याण उसाच्या ट्रॅक्टरवर, दोन-दोन दिवस घरी नसतो. सुनेशी काय बोलणार? ती आधीच कमी बोलते आणि मला कमी ऐकू येतं.

जल्दी उत्तर पाठव.

कचरू


अंकुशनगर
११ जानेवारी २०२५

कचरूभाऊ, जयभीम.

सुमित म्हणाला, वाचून दाखवतो. मी पत्र हिसकावून घेतलं. नोकरीत मला फक्त खुलासे मागवणारी पत्रं आली, असलं एकही नाही.

तुम्ही शहाणं लेकरू म्हणून खूश झाला नाहीत, हे बरं केलंत. पण बहिरेपणाचा निकाल तुम्ही घरात बसून लावू नका. आधी एक करून बघा. बाळ जागं आणि पोटभर प्यालेलं असताना त्याच्या मागं, त्याला दिसणार नाही असं उभं राहा आणि वाटीवर चमचा हळूच वाजवा. ते थांबतं का, मान वळवतं का, बघा. दोनतीन वेळा करा. शंका राहिलीच तर घनसावंगीला दवाखान्यात नेऊन तपासू.

दुसरं, आई उठून गेली की बाळ काय करतं? ती परत आली की काय करतं? आणि ती त्याला अंघोळ घालते तेव्हा ओसरीतून सगळं दिसतं ना, तेव्हा ती काय बोलते, कुठं बघते, तेही बघा.

मत लिहू नका, भाऊ. तुम्हाला मतं फार. जे दिसलं तेवढंच लिहा.

बेबीनंदा


पिंपळवाडी
१७ जानेवारी २०२५

बेबी,

राम राम. वाटी माझ्या स्वतःच्याच कानाला ऐकू येईना, मग वाजते की नाही कसं कळणार? म्हणून परात घेतली आणि पळीनं हाणली. शेजारची मालनबाई पदर सावरत पळत आली. "कचरूदाजी, साप निघाला काय?" म्हणाली. मी म्हणालो, परात चिरली का बघून राह्यलो. पण बाळ दचकलं आणि त्यानं मान वळवली. मग मालनबाईच्या हातानं वाटी वाजवून घेतली, तेव्हाही वळवली. तीन वेळा.

ऐकू येतं. मी देवापुढं साखर ठेवली. पण तासाभरानं पुन्हा काळजी लागली. ऐकू येतं, तर मग बोललेलं का ऐकत नाही?

आता दिसलं ते लिहितो. सून आकांक्षा उठून गेली, बाळ रडलं नाही. आली, तरी हातपाय हलवले नाहीत. अंघोळ ती फार नीट घालते. पाणी कोपरानं बघते, डोळ्यांत साबण जाऊ देत नाही, कानामागं पुसते. पण ते सगळं भांडं घासल्यासारखं. नजर पाण्यात. त्याच्या तोंडाकडं एकदाही नाही. बोलते का ते मला कळेना, म्हणून मालनबाईला विचारलं. ती म्हणाली, "काय बोलंल? तोंड शिवल्यागत बसती."

आणखी एक दिसलं. ती ताट वाढून घेते आणि अर्धी भाकरी कुत्र्याला टाकते. दुपारी काम संपलं की दाराच्या चौकटीला टेकून बसते, कोणी हाक मारली तरी दोन हाकांनी उठते.

तू मत लिहू नको म्हणालीस, पण एक लिहितोच. मला वाटतं सुनेला लेकराची माया नाही. शिकलेली पोर, बारावी झालेली, तिला हे घर, हा बहिरा सासरा नकोसा झाला असेल. कल्याणला सांगू का, तिला काही दिवस माहेरी धाडू आणि बाळाला इथं ठेवू? मालनबाई सांभाळेल.

कचरू


अंकुशनगर
२२ जानेवारी २०२५

कचरूभाऊ,

बाळाला आईपासून काढायचं नाव काढाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तुम्हाला ऐकू येत नाही हे कारणही चालणार नाही.

माया नाही म्हणता. माया नसलेली बाई कानामागं पुसत नाही, भाऊ. अठरा दिवसांची लेक गेलेली आई आहे ती. जेवण जात नाही, हाक ऐकू येत नाही, तोंडाकडं बघवत नाही, याला आजार म्हणतात. बाळंतपणानंतर कितीतरी बायांना होतो. मी वाडी-वस्तीवर फिरताना घराघरांत बघितलाय आणि घराघरांत त्याला आळस, नखरा, माहेरचं वळण अशी नावं ऐकली. तुम्ही आता 'माया नाही' हे नवीन नाव दिलंत.

बाळाचं काय होतं ते सांगते. लेकरू जन्मापासून विचारत असतं. रडून विचारतं, बघून विचारतं, हसून विचारतं, कोणी आहे का? आई तोंड वाकडं करून का होईना, पण उत्तर देते. ते पुन्हा विचारतं. असं दिवसातून शंभरदा चालतं आणि त्यातूनच त्याचं मन तयार होतं, जसं दुधातून अंग तयार होतं. उत्तरच आलं नाही तर काही दिवस ते मोठ्यानं विचारतं. मग विचारायचं सोडून देतं. आपण त्याला शहाणं म्हणतो.

घाबरू नका. सात महिने म्हणजे उशीर झालेला नाही. पण उगाच दिवस घालवायलाही नकोत.

आता माझे दोन प्रश्न. दोन्ही पत्रांत तुम्ही नुसतं 'बाळ' लिहिलंय. नाव काय ठेवलं? बारशाला मला बोलावलं नाही, ते माझ्या गुडघ्यांमुळं असेल असं मी समजले होते. आणि दुसरं, बाळ झाल्यावर घरात काही केलंत का, जे मला सांगायचं राहिलं?

बेबीनंदा


पिंपळवाडी
२८ जानेवारी २०२५

बेबी,

राम राम. नाव अजून ठरलं नाही. पोरांना मोबाईलमधून नवीन नाव काढायचं आहे, त्यात वेळ जातो. घरात काही केलं नाही. काय करणार?

आता सगळं ठीक आहे. परवा बाळ हसल्यासारखं वाटलं. मी उगाच तुला त्रास दिला. तू येऊ नकोस. येते असं तू म्हणाली नाहीस, तरी सांगून ठेवतो. बसला फार गर्दी असते आणि जीपवाले कोंबून बसवतात.

कचरू


अंकुशनगर
९ फेब्रुवारी २०२५

कचरूभाऊ,

तुम्ही खोटं लिहिता तेव्हा चार ओळींत संपवता. लहानपणीही गुरुजींपुढं असंच करायचात, असं आई सांगायची.

काल सुमितचा डबा द्यायला कारखान्याकडं गेले होते. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यात कल्याण दिसला. चहा पाजला. विचारलं, बाळ कसं आहे? म्हणाला, "एकदम शांत हाय आत्या, काही तरास न्हाई." मी विचारलं, नाव काय रे ठेवलंस? तर त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आत्या, नाव नका विचारू. ते आमचं न्हाई. मालनमावशीचं हाय." आणि हसला. हसला पण चहा अर्धा सोडून ट्रॅक्टरवर चढला.

भाऊ, मी कांताबाईची लेक आहे. मला एवढ्यावरून कळलं. तरी मला तुमच्या हातानं लिहिलेलं वाचायचं आहे.

बेबीनंदा


पिंपळवाडी
१२ फेब्रुवारी २०२५

बेबी,

लिहितो. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

मीच केलं. बाळ पाच दिवसांचं असताना मी त्याला सुपात घालून गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं. आधीचं लेकरू गेलं की पुढच्यासाठी जे करतात तेच. मालनबाईची सहाची सहा पोरं धडधाकट आहेत, म्हणून तिला उचलायला सांगितलं. तिनं ओंजळभर ज्वारी माझ्या धोतराच्या सोग्यात घातली आणि पोर तिचं झालं. एक वर्ष. तोपर्यंत ते आमचं नाही, तिचं आहे, आम्ही नुसते सांभाळणारे. म्हणजे मरण आमच्या दारात आलं तरी त्याला आमचं लेकरू सापडत नाही.

मला दुसरं काही येत नव्हतं. माझ्या आईची माझ्याआधीची तीन गेली. मग मला उकिरड्यावर ठेवलं, तुझ्या आईनं उचललं, माझं नाव कचरू पडलं आणि मी एकाहत्तर वर्षं जगलो. मी डोळ्यांनी बघितलेलं औषध हेच. तुला सांगितलं नाही, कारण तुम्ही लोकांनी हे सगळं कधीच सोडलं आणि तू रागावशील म्हणून. कल्याणला पटलं नव्हतं. पण आकांक्षानं माझे पाय धरले, म्हणाली, "मामा, काय बी करा, पण हे जगू द्या."

मी तिला नियम सांगितले. माझं म्हणायचं नाही. नाव घ्यायचं नाही. मुका घ्यायचा नाही. डोळे भरून बघायचं नाही. लाडानं बोलायचं नाही. वर्षानंतर काय ते लाड कर म्हणालो. तिनं एकही नियम मोडला नाही, बेबी. मी तिला माया नाही असं लिहिलं.

काल दुपारी मी शेतातून आलो. झोळी रिकामी. आकांक्षा झोळीचं लुगडं घडी करत होती. मी म्हणालो, बाळ कुठं? ती तोंड वर करून, मला ऐकू यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ज्याचं त्याला दिलं."

ती बाळाला, त्याच्या कपड्यांच्या गाठोड्यासकट, मालनबाईच्या ओट्यावर ठेवून आली होती. मालनबाई सांगते, "मला वाटलं नदीवर धुणं न्यायचंय म्हणून दिलंय. तर म्हणती, घ्या तुमचं पोरगं. माझ्याकडं राह्यलं तर हे बी जाईल. माझ्यानं न बघता राह्यवत न्हाई आता."

ते वाक्य तूही दोनदा वाच. माझ्यानं न बघता राहवत नाही.

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. बाळ मालनबाईकडं आहे. ती म्हणते, नव्या घरात आलं तरी रडलं नाही. मागं वळूनही बघितलं नाही. आकांक्षा दूध पाजायला जाते, पाजते आणि ठेवून येते.

मी काय करू? मोडलं तर लेकरू जाईल अशी भीती, आणि नाही मोडलं तर ते जाऊनच राह्यलंय. तू सांग. कल्याणच्या हाती पत्र देतोय, टपालाची वाट बघवत नाही.

कचरू


अंकुशनगर
१४ फेब्रुवारी २०२५

कचरूभाऊ,

कल्याण दारात थांबलाय. दोन पानं लिहून फाडली, त्यात फक्त राग होता. एवढा मात्र राहू देते. आई सांगायची, लोकांना वाटायचं आमच्या घरच्या वस्तूला मरणसुद्धा शिवणार नाही. म्हणून लेकरू आमच्या ओटीत घालायचे आणि पाणी मात्र वरून ओतायचे. बाबासाहेबांच्या वाटेनं गेल्यावर आईनं पुन्हा कोणाचं सूप उचललं नाही. पण तुमच्यावरची माया काही तिला टाकता आली नाही.

आता तिनंच सांगितलेलं, जे तुम्हाला माहीत नाही ते ऐका.

तुमची आई गोजरबाई चारचौघांत तुम्हाला "कांताचं कार्टं" म्हणायची. माझी आई वाड्याच्या अंगणात सरपण घेऊन आली की म्हणायची, "ने गं बाई तुझं रडकं." आणि पहाटे जात्यावर बसली की तुम्हाला मांडीवर घ्यायची. दळण संपेपर्यंत तुमच्याशी बोलायची. राजा, वाघ, लबाड, काय वाटेल ते. एकदा माझ्या आईनं लवकर येऊन ते ऐकलं. म्हणाली, "गोजरबाई, सौदा मोडला की वो." तुमची आई काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "सौदा लोकांपुढं केलाय कांता, लेकरापुढं न्हाई."

माझी आई हे सांगताना दरवेळी हसायची आणि मग डोळे पुसायची.

भाऊ, तुम्ही उकिरड्यामुळं जगलात की कशामुळं, ते मी सांगू शकत नाही. पण रोज पहाटे कोणीतरी तुम्हाला उत्तर देत होतं. तुम्ही पुरुषांनी सूप बघितलं, जातं बघितलं नाही. आणि आकांक्षाला सूप तेवढं दिलंत. तिला सांगायला घरात सासू नव्हती की सौदा असाच मोडायचा असतो.

आजच ज्वारी परत करा. माझी वाट बघू नका. नियम तुम्ही घातलेत, तुम्हीच सगळ्यांसमोर काढा. ती लगेच बाळाला घेणार नाही. ओढू नका, रागावू नका, देवाची शपथ घालू नका. बाळ तिला दिसेल असं ठेवा आणि तिला एकटी सोडू नका, शेजारी कोणी बाईमाणूस असू द्या. कल्याणला सांगितलंय, ट्रॅक्टर दुसऱ्याला दे आणि घरी राहा. मी रविवारी येते. गुडघे येतील मागून.

बेबीनंदा


पिंपळवाडी
१५ फेब्रुवारी २०२५

बेबी,

उद्या तू येणारच आहेस, तरी लिहितो, कारण तोंडानं सांगायला मला जमणार नाही. हे पत्र तू आलीस की तुझ्या हातात देईन.

काल तुझं पत्र वाचून ओंजळभर ज्वारी घेतली आणि मालनबाईकडं गेलो. तिला म्हणालो, सौदा मोडला. ती म्हणाली, "न्या दाजी. माझी सहा मोठी करतानाच माझा जीव मेटाकुटीला आल्ता, सातवं कोणाला पाहिजे?" पण बाळाला माझ्याकडं देताना तिनं त्याच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं.

घरी आलो. आकांक्षा चुलीपाशी होती. कल्याण होता, मालनबाई मागं आली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, नियम संपले. हे तुझं लेकरू. ती भिंतीला सरकली. म्हणाली, "मामा, वरीस न्हाई झालं. अजून चार महिने हायेत." मी म्हणालो, वरीस मी बोललो होतो, मीच मोडलं. काही यायचंच असलं तर माझ्या अंगावर येईल, माझं बोलणं होतं. तिनं हात पुढं केले नाहीत. मी ओढलं नाही.

मग मीच त्याला मांडीवर घेऊन तिला दिसेल असा उंबऱ्यापाशी बसलो. मला दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून त्याला गोजरबाईची आणि कांताबाईची गोष्ट सांगितली. जात्याची, सौद्याची. मी हळू बोलतोय असं मला वाटत होतं. कल्याण नंतर म्हणाला, "आबा, मारुतीच्या पारापर्यंत ऐकू येत होतं."

बाळ माझ्या तोंडाकडं बघत होतं. माझे पुढचे दोनच दात राहिलेत, त्याची त्याला मौज वाटली असेल. मी जीभ बाहेर काढली, आत घेतली. बराच वेळ काही नाही. मग त्यानं आपली जीभ बाहेर काढली. मी पुन्हा काढली. त्यानं पुन्हा. एकाहत्तर वर्षांचा माणूस आणि आठ महिन्यांचं पोर जीभ दाखवत बसलो होतो.

मान वर केली तर आकांक्षा चूल सोडून दारात उभी होती. भाकरी तव्यावर जळत होती. तिनं मला विचारलं. मला दोनदा विचारावं लागलं, कारण मी ऐकलं नाही. "तुमच्या आईनं खरंच असं म्हणलं? लेकरापुढं न्हाई म्हणून?"

खरंच म्हणाली असेल ना बेबी? मी हो म्हणालो.

दूध पाजण्यापुरतं सोडलं तर अजून तिनं त्याला घेतलेलं नाही.

कचरू


पिंपळवाडी
१९ मार्च २०२५

बेबी,

राम राम. तू जाऊन महिना झाला. तुझ्या गुडघ्यांचं काय? मालनबाई अजून सांगते, "दाजी, तुमची बहीण आली न् पहिल्या लेकीचंच विचारलं, मला तर वाटलं आता घरात रडारड माजती." मलाही तेच वाटलं होतं. दोन वर्षं या घरात त्या लेकीचा विषय कोणी काढला नव्हता. मीच काढू दिला नव्हता. तू सरळ विचारलंस, तिचं नाव काय ठेवलं होतंस गं, आणि आकांक्षा म्हणाली, सई. माझ्याच घरातलं नाव मला त्या दिवशी कळलं.

जालन्याला मनाच्या डॉक्टरांकडं दोन चकरा झाल्या. कल्याण सोबत जातो. गोळ्या चालू आहेत. दुधाला अपाय नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं, तरी तू पुन्हा एकदा विचारून घे. गोळ्यांची सवय लागते का, हेही विचार. जेवते आता, पण पूर्ण नाही. एक दिवस बरी असते, एक दिवस पुन्हा चौकटीला टेकून बसते. त्या दिवशी मी शेतात जात नाही. डॉक्टर म्हणाले, असंच खालीवर होत जाईल, धीर धरा. धीर मला कधी जमला? गावातल्या अंगणवाडीच्या बाई दर मंगळवारी येऊन तिच्यापाशी बसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं बाळाचं वजन करतील. त्या नुसत्या बसल्या आणि आकांक्षाच्या केसांना तेल लावलं.

नाव आदिनाथ ठेवलं. तिनंच सांगितलं. बारसं केलं नाही. ती म्हणाली, "आत्ता गर्दी नको मामा." मी बरं म्हणालो. पण ती अंघोळ घालताना नाव घेते, हे मला ऐकू येत नसलं तरी ओठांवरून कळतं. आदि, आदि असं दोनदा घेते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. मला नवीन काळजी लागली आहे.

ते रडायला लागलंय. आधी अजिबात रडत नव्हतं, आता आकांक्षा नुसती उठली तरी रडतं. पाणी आणायला गेली की रडतं. मालनबाईनं घेतलं तर तिच्याकडं बघून ओठ काढतं आणि रडतं, जिच्याकडं तीन दिवस गप राहिलं होतं तिला बघून! मालनबाईला राग आला. म्हणते, "बघा बेइमान, ओंजळभर ज्वारी वाया गेली." मीसुद्धा घेतलं तर अर्धा वेळ चालतं, मग आईला शोधतं.

परवा सकाळचं जसं दिसलं तसं लिहितो, मत लिहीत नाही. आकांक्षा आत भाकरी थापत होती. आदिनाथ ओसरीत माझ्यापाशी गोधडीवर. ती दिसेनाशी झाली तसं त्यानं दाराकडं बघितलं. थोडा वेळ थांबला. मग तोंड एवढं उघडलं की टाळू दिसली, सगळं अंग लाल. मला आवाज आला नाही, पण गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. आणि आकांक्षा पळत आली. हात धुवायलाही थांबली नाही. पिठाच्या हातांनीच त्याला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि तिचे ओठ हलत राहिले. बराच वेळ ती त्याला काहीतरी सांगत होती. तो गप झाला, मग मान मागं नेऊन त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ओल्या गालांनी हसला. ती पण.

त्याच्या काळ्या झबल्यावर, पाठीवर, ज्वारीच्या पिठाची पाचही बोटं उमटली होती. दुपारपर्यंत कोणी पुसली नाहीत.

एवढं रडणं बराबर आहे का, ते जल्दी कळव.

कचरू